पाचवा फेरा

फार वर्षं झाली याला. आमच्या कुंपणापलीकडे राष्ट्रीय विमान संग्रहालय नवंच उघडलं होतं. तिथं दोरांनी जखडलेलं एक म्हातारं विमान होतं. दर शनिवारी सावर्डेकर मिस्त्री यायचे आणि इंजिन गंजून धरू नये म्हणून त्याचा पंखा हातानं चार फेरे फिरवायचे. तेवढ्यात विमानाला उडाल्यासारखं वाटायचं. त्या चार फेऱ्यांसाठी ते आठवडाभर वाट बघायचं.

एकदा मिस्त्री महिनाभर रजेवर असताना साळुंकीनं पंख्याला लागूनच, इंजिनाच्या तोंडात घरटं करून पिल्लं काढली.

"अगं बाई, एवढं आवार सोडून इथंच?" विमान म्हणालं. "शनिवारी पंखा फिरला की पिल्लं चिरडतील!"

"मग नका ना फिरवू देऊ, आजोबा. त्यांना अजून पंख फुटले नाहीत."

"मला आहेत, तर माझं काय झालंय बघतेस ना?"

शनिवारी मिस्त्री आले. विमानानं सगळं अंग आवळून धरलं. पंखा तसूभर हलेना.

"रुसलास काय रे म्हाताऱ्या?" घाम पुसत मिस्त्री म्हणाले.

असे तीन शनिवार कोरडे गेले. चौथ्या शनिवारी पिल्लं विमानाच्या पंखावर आली, थरथरली आणि उडाली. धाकटं तेवढं एक चक्कर मारून परत आलं.

"कसं आहे रे वर?" विमानानं हळूच विचारलं.

"वारा आहे, आजोबा. नुसता वारा!"

"आहे ना अजून? बरं झालं."

मग मिस्त्री आले. त्यांनी चार फेरे फिरवून हात काढला. पाचवा फेरा विमानानं आपला आपण घेतला.