सोन्याच्या विटा आणि शेणाचा खड्डा

एका राज्यात, जिथे ढगदेखील राजाला विचारून बरसत, मणिकेतु नावाचा राजा होता. राज्य भरलेले-नांदते. खोट एकच, राजाचे नाक भारी नाजूक. राजवाड्यामागच्या खतखड्ड्याचा वास त्याला सोसवेना. तशात कालंजन मांत्रिक आला नि म्हणाला, "गाडीभर शेणाला सोन्याची वीट देतो."

खड्डा राखणारी भागिरा आडवी आली. "महाराज, तो जमिनीचा घास आहे. विकू नका."

राजाने तिला सीमेपार हाकलले. तिची लेक चंद्रा मागे राहिली. विनाशकाले विपरीत बुद्धी, दुसरे काय!

विटांनी कोठार भरले, पण कणसे पोचट आली. तीन वर्षे दाणा धरला नाही. तेव्हा कोतवाल पक्षी माणसाच्या वाणीने बोलला, "राजा, शाप त्या विटांचा आहे. तीन कामे कर. विटा परत दे. शेण स्वतःच्या हाताने खड्ड्यात भर. ते कुजून मातीचा वास येईपर्यंत थांब."

विटा मांत्रिकाच्या दारात पडताच तो धूर होऊन गेला. राजाने पाट्या वाहिल्या, त्याही नाक न दाबता. पण थांबणे राजेलोकांना कधी जमले आहे? महिन्याभरातच त्याने कच्चे शेण शेतात पसरले. त्याच्या आचेने कोंब जळाले, उरलीसुरली मुळे कच्च्या शेणातल्या हुमणी किडीने खाल्ली. राज्यात बियाण्याची एकच टोपली राहिली.

मग राजा अनवाणी भागिरेकडे गेला. "चुकलो," एवढेच म्हणाला.

ती आली. चंद्रा अन्नावाचून अंथरुणाला खिळली होती. लेकीला पाणी पाजून भागिरा राजाने पुन्हा भरलेल्या खड्ड्यावर गेली. शेण वरखाली करावे, पाणी शिंपावे, मातीने झाकावे. राजा रोज विचारी, "झाले?" ती म्हणे, "अजून नाही."

सहाव्या महिन्यात चंद्रा गेली. त्या दिवशीही भागिरेने शेण वरखाली केले.

आठव्या महिन्यात खत काळे, भुसभुशीत झाले. एका टोपलीतून राज्यभर पेरणी झाली. कणसे दाण्यांनी वाकली, शाप सुटला, दारोदारी तोरणे लागली.

राजा म्हणाला, "आई, हवे ते मागा."

"काही नको, महाराज. पहिल्याच खेपेला थांबला असता, तर हे पीक माझ्या चंद्रीने खाल्ले असते."

राज्य पुन्हा सुखाने नांदू लागले. राजा तेवढा नांदला नाही.