लाडोबा परत आणा

“सोमवारपर्यंत माझं पिल्लू परत आण तुळाजी, नाहीतर मंगळवारपासून या राक्षसाच्या कोंडवाड्यात तू राहायला जा,” असं महाराजांनी मला भर दरबारात सुनावलं. मी पक्षीखान्याचा जमादार. अंगाने दांडगा, आवाज भारदस्त, आणि कोंबडीने डोळे वटारले तरी वाट सोडणारा.

झालं होतं असं. दीड वर्षापूर्वी एका दर्यावर्दी व्यापाऱ्याने महाराजांना कॅसोवरी नावाच्या परदेशी पक्ष्याचं पिल्लू नजर केलं. ओंजळीत मावेल एवढा जीव, अंगावर तपकिरी पट्टे, स्वतःच्याच पायात अडखळणारा. महाराज विरघळले. थाटात बारसं करून त्यांनी त्याचं नाव लाडोबा ठेवलं. हे पुढे फार मोठं होतं, जपून राहा, असं व्यापारी जाताना मला बजावत होता. मी हसलो. आम्ही मोर सांभाळलेत, म्हटलं. मोरही मी लांबूनच सांभाळले होते, ही गोष्ट वेगळी.

पुढे महाराज मोहिमेवर गेले, ते या दरबाराच्या दोनच दिवस आधी परतले. तोवर लाडोबा माझ्याएवढा झाला होता. निळी मान, डोक्यावर हाडाचा तुरा आणि पायाच्या आतल्या बोटाला खंजिरासारखी नखी. एकदा त्याने मला लाथ मारली. ती दाराला बसली, कारण मी दाराआड होतो. दाराच्या चिरफळ्या झाल्या. तेव्हापासून मी भिंतीवरून केळी फेकून जमादारी करत होतो आणि पक्ष्याला एकांत लागतो, असं लोकांना सांगत होतो.

महाराज मोठ्या प्रेमाने कोंडवाड्यात डोकावले. लाडोबा असा धावून आला की महाराज पगडी टाकून मागे पळाले, तेही सगळ्यांसमोर. मग काय, मी पिल्लू विकलं आणि त्याच्या जागी हे भूत आणून ठेवलं, असा आळ आला. तेच मोठं झालं, असं मी शपथेवर सांगितलं. महाराजांना ते पटेना.

घरी येऊन मी रडलो. माझी बायको भिवरा बारशाच्या कुंच्या शिवते. तिने हातातली सुई न थांबवता सगळं ऐकून घेतलं. मग ती उठली आणि महाराजांच्या मातोश्रींना, आईसाहेबांना भेटायला गेली. बाळाची पहिली कुंची कुठलीच आई टाकून देत नाही, हे तिला धंद्यामुळे ठाऊक होतं.

सोमवारी भिवरा दरबारात उभी राहिली. मी तिच्या मागे होतो, म्हणजे बराच मागे. तिने बोचक्यातून जरीची एक इवलीशी कुंची काढली.

“सरकार, लाडोबा आजच मिळेल. पण आधी या कुंचीतलं बाळ मला परत आणून द्या. हातभर लांब, तोंडाचं बोळकं. ते याच वाड्यात होतं, असं आईसाहेब सांगतात.”

महाराजांनी कुंची ओळखली. “अगं, ते बाळ म्हणजे मीच.”

भिवराने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. “तुम्ही कसे असाल? ते बाळ गोजिरवाणं होतं. तुम्हाला तर गलमिशा आहेत, आणि तुम्ही अंगावर येता. खरं सांगा सरकार, ते बाळ कोणी विकलं आणि त्याच्या जागी तुम्हाला कोणी आणून बसवलं?”

मी डोळे मिटून घेतले. आणि पडद्याआडून आईसाहेबांचं हसू फुटलं. महाराजांनी कुंची डोक्यावर चढवून पाहिली. ती कानाच्या वरच अडकली, तसे तेही पोट धरून हसायला लागले.

लाडोबाला उंच भिंतीची आमराई मिळाली. भिवराला सोन्याच्या पाटल्या मिळाल्या आणि माझी जमादारीही मिळाली. मला तिच्या हाताखाली कबुतरांवर नेमलं आहे. बरं चाललंय. त्यातलं एक पांढरं कबुतर जरा तापट आहे, त्याला दाणे भिवराच टाकते.