बुडवलेली दशमी

“…पण गेलेली चव परत कशी आणायची, बुवा?”

भास्करनं मुकुंदबुवांना विचारलं. कृष्णेच्या घाटावर गुरुशिष्य दोघेच बसले होते. माधुकरीची झोळी मध्ये तशीच पडली होती.

मठाची रीत साधी. गावात माधुकरी मागायची, झोळी नदीत बुडवायची, मग खायचं. गोड, तिखट सगळं एकच होऊन जातं. या कामात भास्करचा हात धरणारा कोणी नव्हता. बाकीचे एकदा बुडवून मोकळे होत. हा अन्नाचा पार लगदा होईपर्यंत झोळी हलवत राही. आपल्याकडे कोण बघतंय, हेही मधूनमधून बघे.

“आई गेली,” भास्कर म्हणाला.

“कळलं मला.”

“जाण्याआधी एकदा इथे आली होती. माझ्यासाठी गुळाची दशमी घेऊन. मी ती झोळीत घेतली आणि… तिच्यादेखत बुडवली.”

“काही म्हणाली?”

“‘सावकाश खा रे.’ एवढंच.”

भास्करनं झोळीची गाठ उगाच सोडली आणि पुन्हा बांधली.

“आता तिच्या हातची चव आठवायला जातो, तर नदीचं पाणी आठवतं. घास घशाखाली उतरत नाही. ती गेल्यापासून पोटात अन्न नाही. असाच मरेन मी, बुवा.”

…

“मी झोळी का बुडवतो, ठाऊक आहे तुला?” बुवांनी विचारलं.

“जीभ जिंकायला.”

बुवांनी तोंड उघडलं आणि आत बोट दाखवलं. वर-खाली नुसत्या हिरड्या.

“भिजल्याशिवाय भाकरी चावता येत नाही मला.”

भास्कर बघतच राहिला. मठात बुवा म्हणतील ती पूर्व दिशा. पण झोळी बुडवा, असं तर बुवा कधी म्हणालेही नव्हते.

“मग सांगितलं का नाही?” तो ओरडला. “इतकी वर्षं… का नाही सांगितलं?”

“तुम्ही सगळे माझ्यासारखं करू लागलात.” बुवांनी मान खाली घातली. “मला बरं वाटलं.”

भास्कर गुडघ्यांत डोकं घालून रडला. रडणं थांबल्यावरही त्यानं बुवांकडे पाहिलं नाही. झोळी उचलली आणि सवयीनं पाण्याकडे निघाला.

बुवांनी त्याचं मनगट धरलं. झोळीतून भाकरीचा एक कोरडा तुकडा काढला आणि त्याच्या हातावर ठेवला.

“चाव.”

भास्करनं तुकडा तोंडात घातला. बराच वेळ तो चावत राहिला.

“कशी लागते?”

“काहीच लागत नाही, बुवा.”

“हं… तेच चाव. सावकाश.”