लांबलेला पूर्वरंग

एकदा एका कीर्तनकार बुवांना दोन शिष्य होते, आणि त्यांतल्या थोरल्याला धाकट्याचा आवाज सहन होत नव्हता. गोष्ट एवढीच आहे. पण मत्सराची गोष्ट कधी एवढ्यावर थांबत नाही, म्हणून ती सांगायची.

बुवा ख्रिस्ती होते. भुवया उंचावू नका. आपल्या मातीत ख्रिस्ताची कथाही वीणा आणि झांजेवर सांगतात, साकी-दिंडीत गातात, आणि ऐकणाऱ्या बायका डोळे पदरालाच पुसतात. बुवांच्या कीर्तनाला तर पंचक्रोशीतून माणसं येत. त्यातही नाताळचं कीर्तन म्हणजे वर्षाचं कीर्तन.

आता कीर्तनाचे दोन भाग असतात, हे बहुतेकांना ठाऊक आहे. आधी पूर्वरंग, त्यात एखादं वचन घेऊन ते उलगडायचं. मध्ये सर्वांनी मिळून भजन म्हणायचं. मग उत्तररंग, म्हणजे कथा. नाताळच्या पूर्वरंगात बुवा सांगत, की तारणाऱ्याचा जन्म हा काही अचानक घडलेला प्रकार नव्हे. देवाने तो युगानुयुगे मनात धरला होता आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या तोंडून कळवत ठेवला होता. उत्तररंगात प्रत्यक्ष जन्म. त्या गावची एक गोड रीत होती. जन्माचा क्षण आला, की गावात त्या वर्षी सर्वांत शेवटी जन्मलेलं लेकरू त्याची आई पुढे आणून पाळण्यात निजवी, आणि जन्म सांगणारा पाळण्याची दोरी धरून बुवांनी स्वतः रचलेलं अंगाईगीत म्हणे. लोक वर्षभर काय लक्षात ठेवत असतील ते सांगायला नकोच. पूर्वरंग कोणी केला हे कोणाच्या बापाला आठवत नसे.

थोरला शिष्य शांतवन, गावच्या शाळेत मास्तर होता. मिसरूड फुटण्याआधीपासून तो बुवांच्या मागे झांज धरून उभा राहिलेला. ती अंगाई बुवांखेरीज त्यालाच पूर्ण येत होती. विशेषतः दुसऱ्या कडव्यात चाल एकदम वळते आणि वरच्या सुरात जाते, ती जागा भल्याभल्यांना साधत नसे. बुवा थकले, त्यांचा घसा बसला आणि वैद्य-डॉक्टर सगळ्यांनी उभं राहून गायला मनाई केली, तेव्हा गाव म्हणालं, यंदा जन्म शांतवन सांगणार. शांतवनही तेच म्हणाला, फक्त मनात.

धाकटा बर्णबा, गावचा जावई. दिवसा टेम्पो चालवी आणि संध्याकाळी बुवांकडे येई. येऊन वर्षही झालं नव्हतं. ताल अधूनमधून सुटे, शब्द विसरे, पण आवाज असा की बाहेर जाणारा माणूस उंबऱ्यात थबके. शांतवनला त्या आवाजाचं पहिले काही दिवस कौतुक वाटलं. मग वाटलं, जरा नाकातून येतो. मग वाटलं, फारच नाकातून येतो.

ॲडव्हेंटचा पहिला रविवार होता, नाताळची वाट पाहण्याचे दिवस सुरू झाले होते. उपासना संपल्यावर बुवांनी दोघांना अंगणात बसवलं आणि घोगऱ्या आवाजात सांगितलं, "शांतवन, पूर्वरंग तुझा. जन्म बर्णबा सांगेल."

एवढं बोलून ते चहा प्यायला आत गेले. मोठ्या माणसांची ही एक खोड असते. ते निखारा हातावर ठेवतात आणि चहा प्यायला जातात.

शांतवन घरी आला तेव्हा त्याची बायको रत्नमाला करंज्यांचं सारण परतत होती.

"एरंडेल प्यायल्यासारखं तोंड का केलंय?" तिने विचारलं.

"काही नाही. बुवांना म्हातारचळ लागलाय."

"जन्म दुसऱ्याला दिला वाटतं."

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी सांगायला कशाला हवं? तुम्ही आजवर बुवांना 'देवमाणूस' म्हणत होतात. आज चळ लागला म्हणताय."

शांतवन चिडला. "मी खस्ता खाल्ल्या गं! रात्रंदिवस त्यांची पदं पाठ केली, त्यांच्याबरोबर पायी गावं फिरलो. आणि हा काल आलेला गडी, आयत्या पिठावर रेघोट्या ओढणार! यशया आणि मीखा या संदेष्ट्यांत आधी कोण हे तरी सांगता येतं का त्याला?"

"जन्म सांगायला तेवढंच लागतं का?" रत्नमाला म्हणाली आणि सारण हलवत राहिली. शांतवनला ते वाक्य फार लागलं.

त्यानंतरचे दिवस त्याने कसे काढले, ते ऐकण्यासारखं आहे. कारण आपणही तसेच काढतो. बर्णबा तालमीत चुकला, की त्याला आतून गुदगुल्या होत. बर्णबा बरा गायला, की त्या दिवशी जेवण जात नसे. बाजारात कोणी म्हणालं, "काय गळा आहे हो तुमच्या बर्णबाचा," की हा म्हणे, "हो ना, देवाची देणगी," आणि घरी येऊन शाळेच्या पोरांच्या वह्यांवर लाल शाईने फराटे ओढी. देवाने देणगी दिलीच होती तर ती टेम्पोत का ठेवली, हा प्रश्न त्याने प्रार्थनेतही विचारून पाहिला. उत्तर आलं नाही. मत्सरी माणसाला उत्तर नकोच असतं, साक्षीदार हवा असतो.

नाताळ अगदी तोंडावर आला, तेव्हा बर्णबा स्वतःच त्याच्या दारात आला. टोपी हातात घेऊन म्हणाला, "दादा, दुसऱ्या कडव्याची ती जागा मला सापडत नाही. बुवांना आता गाऊन दाखवता येत नाही. तुम्ही एकदा म्हणता का? एकदाच."

शांतवनने गळ्यावर हात ठेवला. "घसा धरलाय रे माझा. पूर्वरंगासाठी जपतोय." आणि दार लोटून घेतलं. घसा ठणठणीत होता. दाराआड उभा राहून त्याने बर्णबाची पावलं लांब जाताना ऐकली, आणि त्याला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

नाताळच्या दिवशी, ऊन कलायला लागल्यावर, ख्रिस्तमंदिराच्या पटांगणात गाव जमलं. मांडवामागे प्रीतिभोजनाचं मटण शिजत होतं. पाळकसाहेबांनी बजावलं होतं, की बाहेरगावच्या मंडळींना शेवटची एसटी गाठायची आहे, तेव्हा वेळेचं भान ठेवा. बुवा पुढे सतरंजीवर बसले. सजवलेला रिकामा पाळणा एका कडेला होता, आणि ते सर्वांत धाकटं लेकरू आईच्या मांडीवर मुठी चोखत होतं.

शांतवन उभा राहिला, आणि खोटं कशाला बोला, बहारीचा बोलला. मनुष्य पहिल्या बागेत चुकला, त्याच दिवशी देवाने तारणाऱ्याचं वचन दिलं. मग अब्राहाम. मग दावीद. लोक तल्लीन झाले. शांतवनने ते पाहिलं, आणि नेमक्या त्या क्षणी त्याच्या मनात ती गोष्ट आली. कीर्तनात उभ्या माणसाला कोणी खाली बसवत नाही. पूर्वरंग कधी संपवायचा, हे पूर्वरंग करणाराच ठरवतो. तो लांबला तर उत्तररंगाला वेळ उरणार नाही. जन्म दोन वाक्यांत उरकावा लागेल, अंगाई एका कडव्यात.

मग काय विचारता! दाविदानंतर त्याने शलमोन घेतला, ज्याची गरज नव्हती. बाबेलचा बंदिवास घेतला. यशयाकडे गेला, मीखाकडे गेला, पुन्हा यशयाकडे आला. साक्या म्हटल्या, दिंड्या म्हटल्या, दृष्टांतात दृष्टांत घातला. ऊन भिंतीवरून खाली उतरलं. मागच्या रांगेतली माणसं उठून एसटीकडे निघाली. मांडीवरचं लेकरू भुकेने रडायला लागलं, आईने त्याला पदराखाली घेतलं. मागे झांज धरून उभा असलेला बर्णबा एकेक जाणारा माणूस बघत होता, आणि त्याचा चेहरा उतरत चालला होता. शांतवनला तो चेहरा दिसत होता. त्याने आणखी एक दिंडी सुरू केली.

तेव्हा बुवा उठले. काठी टेकत पाळण्यापाशी गेले, त्याची दोरी हातात घेतली आणि तो रिकामा पाळणा हलवू लागले.

लोक एकमेकांकडे पाहू लागले. कोणी तरी फिसकन हसलं. म्हातारा शांतपणे, अगदी आत बाळ निजलं असल्यासारखा, पाळणा हलवत होता. शांतवनची दिंडी अडखळली. शेवटी त्याला थांबून म्हणावंच लागलं, "बुवा, अजून जन्म झालेला नाही. पाळणा रिकामा आहे."

"माहीत आहे," बुवा घोगऱ्या आवाजात म्हणाले. "तू होऊ देशील तेव्हा होईल. तोवर मी हलवतो."

शांतवनच्या कानांच्या पाळ्या तापल्या. त्याने कशीबशी समाप्तीची ओळ म्हटली. लोकांनी मधलं भजन उचललं, टाळ्या सुरू झाल्या, आणि त्या आवाजात तो बुवांच्या शेजारी जाऊन मटकन बसला.

"रागावलात?"

"घशाला परवडत नाही," बुवा म्हणाले. पाळणा अजून हलतच होता. "आज तू अब्राहामाचं नाव घेतलंस, दाविदाचं घेतलंस, यशयाचं तर उदंड वेळा घेतलंस. त्यांच्यातल्या एकाने तरी ते बाळ पाहिलं का रे? सगळे असाच रिकामा पाळणा हलवून गेले. हसणारे त्यांनाही हसले असतील. देवाने जे योजलं होतं ते एका माणसाच्या आयुष्यात मावणारं नव्हतं, म्हणून त्याने ते वाटून दिलं. कोणाला वचन दिलं, कोणाला वाट पाहणं दिलं, कोणाला गोठा दिला. आणि मरीयेच्या नात्यातल्या त्या अलीशिबेचं बघ. जन्मभर वांझ म्हणून बोलणी खाल्ली, म्हातारपणी मूल झालं, आणि ते कशासाठी? तर दुसरीच्या मुलाच्या पुढे चालून वर्दी द्यायला! तीच कोवळी मरीया पोटात बाळ घेऊन तिच्या दारात उभी राहिली. मत्सराला याहून सबळ कारण कोणाला मिळेल? पण म्हातारीने तिला आनंदाने घरात घेतलं. दार लावलं असतं, तर देवाचं काही अडलं नसतं. त्याची योजना आपल्यावाचून अडत नाही. अलीशिबा तेवढी तिच्या बाहेर राहिली असती."

दाराचं नाव निघताच शांतवनने मान खाली घातली. बुवांना ते कळलं होतं की नाही, कोण जाणे.

"मग जन्म मला कधीच मिळणार नाही?" त्याने विचारलं. आवाज लहान मुलासारखा झाला होता.

"बहुधा नाही," बुवा म्हणाले. "यशयालाही मिळाला नाही."

भजन संपलं. बर्णबा पुढे आला.

त्याने वेळ नाही हे ओळखलं आणि सरळ गोठ्यात जाऊन उभा राहिला. धर्मशाळेत जागा नाही, बाई अवघडलेली, नवरा दारोदार विचारतोय. एवढंच सांगितलं, पण असं सांगितलं, की निघालेली माणसं पटांगणाच्या तोंडाशी थबकली. मग जन्म झाला. त्या आईने लेकरू पाळण्यात ठेवलं. बर्णबाने दोरी धरली आणि अंगाई सुरू केली. पहिलं कडवं मधासारखं उतरलं. दुसरं आलं. चाल वळायची जागा आली, आणि बर्णबाचा सूर खालीच राहिला. त्याने पुन्हा धरला, पुन्हा निसटला. तो थांबला. गाव थांबलं. बाळ तेवढं पाळण्यात पाय झाडत होतं.

त्या जागेची वाट गावात दोघांनाच ठाऊक होती. एकाचा घसा गेला होता.

शांतवनचा मत्सर नाहीसा झाला होता, असं मी म्हणणार नाही. तो तिथेच होता, छातीत, धगधगत. क्षणभर त्याला वाटलं, पडू दे. मग त्याने पाळण्याकडे पाहिलं, बर्णबाच्या घामेजल्या कपाळाकडे पाहिलं, आणि मागे झांज धरणाऱ्यांत जाऊन उभा राहिला. तिथून त्याने ती ओळ उचलली, चाल वळवली, वर नेली आणि तिथेच धरून ठेवली. बर्णबाला सूर सापडला. तो वर आला, खुलला. तो खुलला तसा शांतवनने आपला आवाज खाली खाली नेला, इतका, की शेवटच्या कडव्याला एकटा बर्णबाच ऐकू येत होता. बायकांनी डोळे पुसले. पाळकसाहेबांनीही चष्मा काढला.

पंगतीत जिकडेतिकडे एकच बोलणं. "काय जन्म सांगितला पोराने! काटा आला अंगावर!" शांतवन वाढायला उभा होता. प्रत्येक वाक्य त्याला टोचत होतं, आणि तो भात वाढत होता. बुवांच्या शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या मावशीने पत्रावळ पुढे केली आणि त्याला तोंडावरच सुनावलं, "मास्तर, सगळं झ्याक झालं, पण तुमचा पूर्वरंग फारच लांबला बाई. माझ्या जावयाची एसटी चुकली."

शांतवनने तिला आणखी एक पळी रस्सा वाढला.

"खरंय मावशी," तो म्हणाला. "चुकलंच माझं. पुढच्या वर्षी वेळेत आवरतो."

बुवांनी ते ऐकलं. भात कालवला आणि जेवायला लागले.