पडायच्या मापाची सायकल

सायकलींना अजून घंटी बसली नव्हती, त्या काळातली ही गोष्ट. पंख मोडलेल्या एका करकोच्याने सायकल घेतली. त्याचा थवा सकाळीच पलीकडच्या तळ्यावर गेला होता आणि उद्या तिथूनही निघणार होता. करकोच्याला आजच तिथे पोचायचं होतं.

साळूबाई नावाची साळिंदर सायकली दुरुस्त करायची. ती माप घेऊ लागली, तर करकोचा म्हणाला, "सीट खाली घ्या. दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. आणि जरा लवकर!"

"अहो, गुडघे छातीला लागतील."

"लागू देत. मी पडता कामा नये."

साळूबाईने सीट खाली घेतली. करकोचा समोरच्या वडापर्यंत गेला आणि गुडघे चोळत परत आला. "हँडल जवळ घ्या." तिने घेतलं. पुन्हा वडापर्यंत, पुन्हा परत. "चेन घट्ट करा." तीही केली. ऊन उतरायला लागलं.

"खटारा आहे नुसता!" करकोचा सायकलीवरच भडकला.

साळूबाईने सीट वीतभर वर घेतली आणि ती म्हणाली, "बसा."

"अहो, पाय जमिनीला पोचत नाहीत!"

"पायडलला पोचतात ना? मघाची सायकल तुम्ही पडायच्या मापाची करून घेतली होती. ही चालवायच्या मापाची आहे."

करकोचा निघाला. वडापाशी सायकल डगमगली. त्याचा पाय सवयीने जमिनीकडे गेला, हवेतच लोंबकळला आणि पायडलवर परत आला.

वड मागे पडला.