बसणारे घर आणि खचणारा कोपरा

गावे पुष्कळ असतात. त्यांतल्याच एका गावात एक गृहस्थ राहत होता. काळजी करण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. पाऊस लांबला की त्याला दुष्काळाची काळजी, पाऊस आला की पुराची, आणि सगळे वेळच्या वेळी झाले की आता पुढे काय वाढून ठेवले आहे याची. या माणसाने गावाबाहेरच्या काळ्या मातीत नवे घर बांधले. पुढे ओटी, मध्ये माजघर, मागे कोपऱ्याची एक शांत खोली आणि तिला लागून मोरी. वास्तुशांत झाली, जेवणावळ उठली आणि गृहस्थ काळजी करायला मोकळा झाला.

पहिल्याच उन्हाळ्यात भिंतींच्या गिलाव्यावर चिरा दिसल्या. केसासारख्या बारीक, नखसुद्धा आत जाणार नाही अशा. दुसऱ्या कोणाला त्या दिसल्याही नसत्या. पण गृहस्थ रोज सकाळी भिंतीला नाक लावून घरभर फिरत असे, त्यामुळे त्याला दिसल्या. तो धावत जाऊन गवंड्याला घेऊन आला.

गवंड्याने तंबाखूचा बार भरला, भिंतीकडे पाहिले न पाहिले आणि म्हणाला, "काही नाही मालक. घर बसतंय."

गृहस्थ उडी मारून भिंतीपासून लांब झाला. आदल्या पावसाळ्यात त्या गावात कुंभाराचे घर बसले होते, म्हणजे भुईसपाट झाले होते, आणि आत बांधलेली म्हैस ढिगाऱ्यातून काढायला अख्खी आळी लागली होती. गवंड्याला म्हणायचे होते की नवे घर जागेवर स्थिरावते आहे. गृहस्थाने ऐकले की घर कोसळते आहे. एकच शब्द, पण त्यात गवंड्याने घर उभे केले आणि गृहस्थाने पाडले.

"म्हणजे काय?" एवढे विचारले असते तरी भागले असते. पण घाबरलेल्या माणसाला प्रश्न सुचत नाहीत, उपाय सुचतात. तो तडक लाकडाच्या वखारीत गेला. संध्याकाळपर्यंत घरातल्या प्रत्येक भिंतीला टेकू लागले. माजघरातून स्वयंपाकघरात जायचे तर वाकून जावे लागे, आणि हातात आमटीचे पातेले असले तर देवाचे नाव घेऊन. शिवाय 'बसणे' हा शब्द घरात कोणी काढायचा नाही असा हुकूम निघाला.

अशात एके दिवशी व्याही आले. लेक मथुरा त्यांच्या घरी दिलेली. बिचारे भर उन्हातून चालत आले होते.

"या, या व्याहीबुवा!" गृहस्थ म्हणाला. "टेका."

"काय टेकू?"

"म्हणजे, पाठ टेका. विसावा जरा."

व्याह्यांनी जवळच्या लाकडाला पाठ लावली.

"अहो, त्याला नको!" गृहस्थ ओरडला. "त्याच्यावर भिंत आहे!"

व्याही उभ्याने पाणी प्याले आणि उभ्यानेच गेले. घरी जाऊन त्यांनी सुनेला एवढेच सांगितले, "तुझ्या वडिलांनी मला बसा म्हटलं नाही." गावाला हे कळल्यावर गृहस्थाचे नाव टेकूराव पडले. पुढे पुढे तर पाहुणे यायचेच थांबले.

शेवटी बायकोने गवंड्याला निरोप धाडला, की तुम्ही बोलून गेलात, आता तुम्हीच येऊन निस्तरा.

गवंडी आला आणि ओटीवर ऐसपैस बसला. त्याला बोलायची भारी हौस. कोणत्याही प्रश्नाचे उत्तर तो स्वतःच्या आजोबांपासून सुरू करी. आजोबांनी बांधलेले देऊळ, काकांनी बांधलेला पार, मेव्हण्याने बिघडवलेली विहीर, असे सगळे झाल्यावर तो मुद्द्यावर आला.

"मालक, नवं घर म्हणजे नवी सून. अंग सावरून घ्यायला वेळ लागतो. सगळं घर मिळून, सारखंच, थोडं खाली उतरतं. गिलाव्याला केसाएवढ्या चिरा पडतात. एखाददुसरं वर्ष घर कुरकुरतं आणि मग थांबतं. त्याला आम्ही बसणं म्हणतो. त्यानं कधी कोणी मेलं नाही."

"नक्की?"

"नक्की. पण..."

गृहस्थ उठला. त्याला हवे होते तेवढे मिळाले होते.

"अहो मालक, अर्धंच झालंय!" गवंडी म्हणाला. पण मालक टेकू सोडवायच्या मागे लागला होता. सुरू केलेले बोलणे कोणाला तरी ऐकवून संपवणे गवंड्याला भाग होते, म्हणून उरलेले अर्धे त्याने चहा घेऊन आलेल्या बायकोला ऐकवले.

"पण काय आहे वहिनी, एकटाच कोपरा बाकीच्यांना सोडून खाली निघाला, चीर तिरपी धावली, खाली बारीक आणि वर रुंद झाली, दारं अडायला लागली, आणि मुख्य म्हणजे ती चीर थांबेचना, तर ते बसणं नव्हे. ते खचणं. तिथे मग माझी वाट बघू नका. आधी माणसं बाहेर काढा."

बायकोने ते ऐकून घेतले. गृहस्थाने ऐकले नाही. तो त्या दिवसापासून दुसराच माणूस झाला. दार कुरकुरले, "बसतंय." फरशी हलली, "बसतंय." येणाऱ्याजाणाऱ्याला ओटीवर बोलावून तो काळजी न करण्याचे फायदे सांगू लागला आणि निघताना मागच्या अळूची पाने बांधून देऊ लागला. मोरीचे पाणी त्याने भिंतीकडेनेच अळूला सोडले होते. गावातली अळवे वाळली तरी याचे हिरवेगार असे. काळजी त्या घरातून गेली नव्हती, एवढेच. तिने माणूस बदलला होता. आता सकाळी उठून भिंती पाहत बायको फिरत असे.

दुसऱ्या वर्षी वैशाखात मथुरा बाळंतपणासाठी माहेरी आली. तिच्यासाठी मागची कोपऱ्याची खोली ठरली. बाळंतिणीला तीच सोयीची. वर्दळ नाही आणि ऊन पाण्याला मोरी जवळ.

बायको खोली सारवायला गेली आणि थबकली. खिडकीच्या कोपऱ्यापासून छपरापर्यंत एक तिरपी चीर गेली होती. खाली नखाएवढी, वर बोट जाईल एवढी.

"अहो, हे बघा."

"बसतंय."

"दारही अडतंय."

"लाकूड आहे. हवेनं फुगतं."

"वैशाखात?"

"अगं, गवंड्यानं सांगितलंय ना! उगाच काळज्या काढू नकोस. तुझा स्वभावच तसा," गृहस्थ म्हणाला. त्याने चीर चुन्याने बुजवून घेतली, वर पांढरा हात मारला, सुताराकडून दार तासून घेतले आणि लेकीची बाज आत टाकली. भिंत नव्यासारखी दिसू लागली. त्याला तेवढे पुरत असे.

बायकोला पुरेना. तिने कणकेची खळ शिजवली आणि पतंगाच्या पातळ कागदाची एक पट्टी त्या बुजवलेल्या चिरेवर आडवी चिकटवली. तशीच दुसरी पट्टी माजघरातल्या एका जुन्या, केसासारख्या चिरेवर लावली.

"ही कसली सजावट?" गृहस्थाने विचारले.

"भिंतीला विचारून बघते."

"मग? काय म्हणते भिंत?"

"अजून गप्प आहे. तुम्हीही राहा."

काही दिवस गेले. एका सकाळी मथुरेला कळा सुरू झाल्या. बायको धावत मागच्या खोलीत गेली, तर चिरेवरचा कागद टराटरा फाटून दोन्हीकडे लोंबत होता आणि चुन्यातून चीर पुन्हा उघडली होती.

"कागद फाटलाय!"

"वाळला की फाटतोच," गृहस्थ म्हणाला.

"मग माजघरातला का नाही फाटला? एकाच दिवशी लावलेत. खळही एकच."

गृहस्थ माजघरात जाऊन पाहून आला. तिथला कागद लावला तसाच होता. तरी तो जागचा हलला नाही.

इतक्यात सुईण आली. दारातूनच तिने विचारले, "खोली कोणती?"

"मागची," गृहस्थ म्हणाला.

"ओटी," बायको म्हणाली. "बाज बाहेर काढा."

"ओटीवर? रस्त्यावरून दिसेल सगळं! व्याह्यांच्या कानावर गेलं तर काय म्हणतील? आधीच ते माझ्यावर रागावलेत."

"पडदे लावीन. लुगडी बांधीन. पण त्या खोलीत माझी लेक राहणार नाही."

"अगं, पण गवंडी म्हणाला होता..."

"तुम्ही अर्धं ऐकून पळालात. उरलेलं मी ऐकलंय." बायकोचा आवाज चढला. "तुमच्या खोट्या भीतीपायी मी महिनोन्महिने या घरात वाकून चालले. एका शब्दानं बोलले नाही. आज माझ्या खऱ्या भीतीसाठी तुम्ही एक बाज उचला."

"बाबा," आतून मथुरा कण्हत म्हणाली, "कुठे जायचं ते लवकर ठरवा हो."

गृहस्थ मागच्या खोलीत गेला तो बायकोला खोटे पाडायलाच. दार लावून दाखवतो, म्हणाला. त्याने दार ओढले. नुकतेच तासलेले दार मध्येच अडले. खांदा लावून रेटले, तर कडी कोयंड्याच्या कितीतरी खाली आली. मग त्याने मथुरेच्या बाजेच्या काठावर चढून चिरेच्या वरच्या टोकाला हात घातला. बोटे आत गेली आणि बाहेरचा गरम वारा हाताला लागला.

इतके दिवस तो भिंतीवर नुसती आपली भीती पाहत होता, नाहीतर आपला धीर. भिंत आज पहिल्यांदा पाहिली.

तो खाली उतरला. "मथू, धर माझ्या खांद्याला," म्हणाला. बायकोने एक बाजू धरली, सुईणीने दुसरी. बाज, गोधड्या, शेगडी, सगळे ओटीवर आले. लुगड्यांचे पडदे लागले. रस्त्यावरून दिसायचे ते थोडेफार दिसलेच, पण पाहणाऱ्या बायकाच मदतीला आत आल्या.

दुपार कलली तेव्हा मागे मोठा आवाज झाला. घर हादरले, धुळीचा लोट माजघरातून ओटीपर्यंत आला. कोपऱ्याची भिंत छपराचा तुकडा घेऊन खाली बसली होती.

"आई, काय पडलं गं?" मथुरा किंचाळली.

"काही नाही. तुझ्या बाबांचा हट्ट पडला," आई म्हणाली. "तू जोर कर."

थोड्याच वेळात ओटीवर एक मुलगी रडली. तिचा आवाज इतका खणखणीत होता, की मागे ढिगाऱ्यापाशी उभ्या असलेल्या गृहस्थाला ऐकू गेला. तो तिथेच मटकन खाली बसला.

गवंडी आला, त्याने अळू उपटून कुदळ मारली. सगळीकडची जमीन दगडासारखी कडक, आणि त्या कोपऱ्याखाली नुसता चिखल. मोरीचे पाणी पिऊन पिऊन घराच्या पायाखालची माती मऊ पडली होती. त्या दिवशी गवंडी आजोबांबद्दल काही बोलला नाही.

नात पाहायला व्याही आले. बाळ पाहून ते मागे गेले आणि जिथे बाज होती त्या जागेवर पडलेल्या विटांकडे कितीतरी वेळ पाहत राहिले. गृहस्थ मान खाली घालून उभा होता. व्याही त्याला वळसा घालून गेले. परत येऊन त्यांनी गृहस्थाच्या बायकोपुढे हात जोडले आणि म्हणाले, "विहीणबाई, सव्वा महिना सुनेला इथे ओटीवरच राहू द्या. कोणी काही म्हटलं तर माझं नाव सांगा."

तात्पर्य काढायचेच तर एवढे: चीर थांबली आहे की वाढते आहे, हे भिंतीला विचारावे, आपल्या मनाला विचारू नये. मन घाबरलेले असले तर एक सांगते, निवांत असले तर दुसरे, आणि दोन्ही वेळा त्याने भिंत पाहिलेली नसते.