घाटावर राहिलेली मुलगी

एकदा एका शिष्याने सगळे जग बुडवले. कागदावरच बुडवले, पण हात राखून नव्हे. त्याच्या कादंबरीत प्रलय येतो, शहरे वाहून जातात आणि जी माणसे वाचतात त्यांना एक मायावी धुके गाठते. त्या धुक्यात सापडलेला माणूस आपले-परके सारे विसरतो. कल्पना उत्तम होती, म्हणून तर पुढचे सांगताना मला आजही संताप येतो.

त्याच्या वृद्ध गुरूंच्या पाठशाळेत एक रीत होती. ग्रंथ छापायला देण्याआधी शिष्याने तो ओसरीवर मोठ्याने वाचून दाखवायचा, आणि ऐकायला विद्वानांबरोबर धान्य निवडणाऱ्या बायकाही बसायच्या. वाचन संपले की गुरू पहिल्या पानावर सही करीत. त्या सहीवाचून ग्रंथाला कोणी विचारीत नसे, म्हणून पुस्तकांचा एक व्यापारी दोन दिवस तिथे ठाण मांडून बसला होता.

चौथ्या प्रकरणात एक आई धुक्यात सापडते. हात धरून चालणारी आपली पाच वर्षांची मुलगी तिला ओळखू येत नाही. ती तिला नदीच्या घाटावर सोडून निघून जाते. हे ऐकताना बायकांचे हात सुपातच थांबले. पाचव्या प्रकरणात मात्र उडते घोडे आले. मग जादूगार आले, सात राजे आले, त्यांची युद्धे झाली. सतराव्या प्रकरणात धुके विरले, सर्वांना सर्व आठवले आणि आईला सिंहासन मिळाले. कादंबरी संपली.

सूप खाली ठेवून सगुणामावशी म्हणाल्या, "आन् ती घाटावरची पोर रं बाबा?"

"ती पुढे येत नाही, मावशी," शिष्य हसून म्हणाला. "एवढ्या मोठ्या कथेत एकेका पोराचं कुठं धरून बसायचं?"

गुरू उठले. सही न करताच त्यांनी जोडे घातले, काठी घेतली आणि ते पायऱ्या उतरू लागले. शिष्याचा चेहरा लाल झाला.

"गुरुजी, तीन वर्षं खपलो मी यासाठी. आवडलं नसेल तर तसं सांगा, चारचौघांत असा अपमान कशाला? निघालात कुठे?"

"नदीवर. त्या मुलीला आणायला." गुरू पायरीवर थांबून म्हणाले. "तेरा प्रकरणं ती उभी आहे. आईला सगळं आठवलं, तरी ती सिंहासनावरून उठत नाही. तू तर जाणारच नाहीस. अरे, विसरण्याचा शाप तुझ्या पात्रांना होता. तुला कोणी दिला होता? त्यांचं सगळं गेलं, ते जपायला तुझ्याशिवाय तिथे दुसरं होतं कोण? आणि तू घोडे उडवत बसलास."

व्यापारी लगबगीने पुढे आला. "गुरुजी, शेवटी एक ओळ घालून टाकू. मुलगी सुखरूप सापडली म्हणून. आपण सही करा."

शिष्याने हस्तलिखित त्याच्यासमोरून उचलले.

"एका ओळीत ती सापडायची नाही, शेठ. तुम्ही या आता."

व्यापारी पुटपुटत निघून गेला. शिष्य चौथे प्रकरण उघडून मावशींच्या शेजारी बसला.

"नाव काय रं तिचं?" मावशींनी विचारले.

त्याने ती पाने पुन्हा पुन्हा चाळली. सातही राजांना त्याने नावे दिली होती, घोड्यांनाही दिली होती.

"ठेवलंच नाही, मावशी," तो म्हणाला, आणि त्याला रडू आले. गुरू पायरीवरून मागे फिरले.